अंश आणि छेद

छेद सोपा आहे.
महापालिकेत अर्ज दिला की मिळतो,
साधारण दहा लाख,
त्यात मी आहे, गड्डम सिस्टर आहेत,
सिव्हिलच्या दारातला रसवंतीवाला आहे.

अंश शोधायला आम्ही दोघी निघालो
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, एका छत्रीत.
पुस्तक म्हणतं, स्नायूंचा हा दाह,
ज्यात शरीराचे राखणदारच घरच्यांवर उलटतात,
होतो दहा लाखांत वर्षाला पाच-दहा जणांना.
म्हणजे अख्ख्या सोलापुरातून
फार तर एक टमटम भरेल,
कोंबून.

तीन वर्षांचे कागद चाळून निघाले अकरा.
बाया आठ.
त्यातला इंडीचा म्हातारा मी वगळला,
पत्ता भाचीचा दिला होता, साखर पेठेतला.
सिस्टर म्हणाल्या, आजारी तर आहे की तो.
आहे, पण आपला नाही.
हे वाक्य बोलून झाल्यावर
बराच वेळ आम्ही चौकात रिक्षा बघत उभ्या.

नरसम्मा वल्लाल, विडी घरकुल, वय त्रेचाळीस.
पापण्यांवर जांभळट सूज,
बोटांच्या पेरांवर लालसर खवले,
तंबाखूनं झालं असेल म्हणून दोन वर्षं मलम.
चेय्यी लेवदु, ती म्हणाली,
आणि सिस्टरनी भाषांतर करायच्या आधी
तिनं ते करून दाखवलं:
हात खांद्यापाशी येऊन थांबला,
वेणी पाठीमागे तशीच, कालची.

सुरुवात कधी झाली?
माझ्या फॉर्मवर महिना आणि वर्ष लागतं.
तिला आठवेना. अशक्तपणा होता, ती म्हणाली, सगळ्यांनाच असतो.
बोटं तर चालत होती.
सूप मांडीवर घेतलं की बसल्या जागी हजार विड्या,
पान, जर्दा, दोरा, आजही.
उठणं तेवढं होत नाही.
भिंत धरून, मग पोरगी धरून, मग नाहीच.

मग सिस्टरनी विडीचं पुस्तक मागितलं.
कारखान्यात माल दिल्याच्या नोंदी,
पानामागून पान तिचा अंगठा,
निळा, ठसठशीत,
आणि सोळा नोव्हेंबरला अचानक
गोल अक्षरात सही: श्रावणी.
बारा वर्षांची. शाळेतून येताना सूप पोचवणारी.
मी फॉर्मवर लिहिलं: नोव्हेंबर.
लक्षणांची सुरुवात
कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर नव्हती.

मांडीतून तुकडा काढला तपासणीसाठी,
त्यालाही आम्ही छेदच म्हणतो.
तीन टाके. पुण्याहून अहवाल यायला पाच आठवडे.

स्नायू म्हणजे उभे-आडवे धागे,
यंत्रमागाच्या गावात ही उपमा सुचतेच.
लिहिली, खोडली.
चादर विरली तर दुमडून पायाखाली घेता येते.

बाकीच्यांचं काय, मी विचारते.
जे हाडवैद्याकडे गेले,
ज्यांना सलाईन लावून घरी धाडलं,
जोडबसवण्णा चौकातली ती सात वर्षांची,
जिना चढत नाही म्हणून
प्रगतिपुस्तकात बाईंनी 'आळशी' लिहिलेली,
ती तरी शेजारणीमुळे कळली.
पुस्तकातल्या पाच-दहापर्यंत आमचा आकडा पोचत नाही.
सोलापूरचं पाणी चांगलं
की आमची चाळणी मोठ्या भोकांची,
निष्कर्षात दोन्ही शक्यता लिहाव्या लागतात.

मार्चमध्ये नरसम्मा गेली. फुफ्फुसं.
नव्या रुग्णांच्या रकान्यात ती राहील,
तिथून कोणी उठत नाही.
हयात रुग्णांच्या रकान्यात मी नऊचे आठ केले
आणि बाजूला छोटी सही,
नियमाप्रमाणे.

संध्याकाळी रजिस्टर वरच्या फळीवर ठेवताना
हात सरळ वर गेला.
सिस्टर बघत होत्या.
त्यांनीही मग उगाच
आपला अंबाडा सोडून पुन्हा बांधला.